रिठी

तलाठी मॅडम मंगळवारी दुसऱ्यांदा बेटावर आल्या आणि श्रावणनं त्यांना दुसऱ्यांदाही उभंच ठेवलं. छपरीत बाज होती. मॅडम घाट चढून येताना दिसल्या तशी त्यानं ती भिंतीला उभी करून ठेवली.

"काका, तुमची एकच सही राहिली आहे," प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या. "रुपरावकाकांची झाली. तुमची झाली की गाव रिठी म्हणून नोंदवलं जाईल, आणि दोघांनाही पलीकडे प्लॉट मिळेल."

"मी इथं राहून राहिलो. मंग गाव रिठी कसं?"

रिठी म्हणजे कागदावर नाव आहे, शीव आहे, शेतं आहेत, पण माणूस एक नाही असं गाव. नागपूर जिल्ह्यात अशी गावं पुष्कळ आहेत. या बेटावर मात्र अजून दोन घरं होती, श्रावणचं आणि रुपरावचं. बाकीची कन्हान नदी ओलांडून कधीच निघून गेली होती. साहेब लोकांची अट अशी होती की दोन्ही घरं उठली तरच प्लॉट. एक बसून राहिलं तर दुसऱ्यालाही काही नाही.

रुपराव अंगणाबाहेर उभा होता. चार महिन्यांत त्यानं श्रावणच्या अंगणात पाय ठेवला नव्हता.

"मॅडम, त्याले विचारा," तो बाहेरूनच म्हणाला, "कोणासाठी बसला इथं."

"तुह्या छातीवर बसाले बसलो," श्रावण म्हणाला. "तुले प्लॉट पायजे ना? नाही भेटत."

मॅडमनी दोघांकडे पाहिलं आणि फाईल बंद केली. त्यांना साडेचारची बस गाठायची होती, तोवर वेळ होता. रुपराव त्यांना चहाला घरी घेऊन गेला.

बेटावर वस्ती झाली ती प्लेगच्या साली. नागपुरातली काही कोष्टी घरं हातमाग मोडून, लाकडं डोंग्यात, म्हणजे लहान नावेत, घालून इथं पळून आली. रोग मागे येऊ नये म्हणून त्यांनी एक रीत घातली. बेटावर कोणी मेलं की मेलेल्याची गोधडी घाटावरच्या उंबरावर टाकायची. पलीकडच्या काठावर असलेल्या माणसानं ती पाहिली की डोंगा तिकडच्या खुंट्याला पक्का बांधायचा, इकडे यायचं नाही, सोयऱ्यांना सांगायचं, सामान आणायचं आणि खांदेकऱ्यांना घेऊनच परत यायचं. एरवी डोंगा बांधायचा नाही. तो लांब दोराला असे, ज्याला पाहिजे त्यानं आपल्या काठाकडे ओढून घ्यावा. प्लेग गेला, माग गेले, रीत राहिली. खाली बंधारा झाल्यावर तर पाणी बारा महिने राहू लागलं.

चार महिन्यांपूर्वी, ऐन उन्हाळ्यात, जनाबाईला हगवण लागली. श्रावणची बायको. आदल्या दिवशी रुपराव आणि त्याची बायको प्रेमिला, दोघंही कोराडीला लेकीकडे गेले होते. बेटावरची वीज तोडलेली होती म्हणून श्रावणनं आपला फोनही चार्ज करायला त्यांच्याजवळच दिला होता. तेव्हा बोलणं होतं. रात्री जनाबाई सहा वेळा उठली. सकाळी नऊला तिचे डोळे खोल गेले, तेव्हा श्रावण घाटावर धावला आणि त्यानं दोर ओढला. डोंगा आला नाही. तो पलीकडे खुंट्याला करकचून बांधलेला होता आणि काठावर कोणी नव्हतं. श्रावण थाळी बडवत राहिला. पोहता येत होतं, पण तिला एकटी टाकून जायची हिंमत झाली नाही. दोनला ती गेली.

तीन वाजता डोंगा आला. त्यात रुपराव, प्रेमिला, जनाबाईचा भाऊ आणि बाजारातले चारजण होते. सोबत बांबू होते, मडकं होतं आणि पांढरं कापड होतं.

"कोणी सांगतलं रे तुले ती मेली म्हणून?" श्रावण ओरडला होता. "तू डोंगा बांधला तवा ती जिती होती."

रुपराव खाली पाहत राहिला. बेट सोडायला जनाबाईचाच खरा विरोध होता हे सगळ्यांना माहीत होतं. प्लॉटसाठी डोंगा मुद्दाम बांधला, असं श्रावणनं त्यावरून समजून घेतलं. त्या दिवसापासून बोलणं बंद.

मॅडम रुपरावकडे गेल्यावर श्रावण भाजी चिरायला बसला. थोड्या वेळानं प्रेमिला आली. ती सरळ छपरीत आली, बाज खाली टाकली आणि तिच्यावर बसली.

"भाऊजी, सही करून द्या."

"घरी जा वैनी."

"मले इथं मराचं नाही. माही साखर चारशेवर असते. एखाद्या दिवशी पडली, अन् डोंगा त्या काठाले असला त?"

"मंग तुह्या नवऱ्याले सांग, डोंगा बांधून नको जात जाऊ. त्याले सवय आहे."

प्रेमिलानं पदर कमरेला खोचला. "काय सवय आहे? एकदा बोला तरी सगळं."

"बोलाले काय आहे? माही बायको मेली नव्हती अन् तुम्ही कफन आणाले गेले. एवढी घाई झाली होती."

"गोधडी पाह्यली म्हणून आणलं."

"कोणती गोधडी?"

"जनीची. हिरव्या काठाची. आठ वाजता आम्ही काठावर आलो अन् उंबरावर गोधडी. मी तिथंच मातीत बसली. हे म्हणाले, रडू नको, पहिले तिच्या भावाले सांगू. डोंगा बांधला अन् गेलो." ती थांबली, पण आता तिला थांबता येईना. "कोणी टाकली होती ती, भाऊजी? बेटावर होतं कोण?"

श्रावणच्या हातात अर्धं वांगं होतं.

रात्री जनाबाईनं गोधडी खराब केली होती. पहाटे ती लाजून म्हणाली, राहू द्या, मी धुईन. अडतीस वर्षांत त्यानं कधी स्वतःचा रुमाल धुतला नव्हता. त्या दिवशी गोधडी धुतली. धड पिळताही आली नाही. अंगणात ऊन नव्हतं, घाटावर ऊन होतं, वाराही होता. उंबराची फांदी हाताशी होती. माणूस जिवंत असताना ती फक्त ओली गोधडी होती. ती फांदी कशासाठी आहे हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. नंतरही आलं नाही, की त्यानं येऊ दिलं नाही, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"मी डोंग्यातून उतरली तवा पहिले ती काढली," प्रेमिला म्हणाली. "आतून अजून ओली होती. तवाच समजलं मले. जनीच्या अंगाखाली, तिरडीवर घातली. हे म्हणाले, त्याले सांगू नको, शिव्या देते त देऊ दे. चार महिने देऊ दिल्या."

"तू जा."

"सही—"

"जा म्हटलं ना वं."

ती गेली. श्रावणनं वांगं चिरून पुरं केलं, पातेल्यात पाणी घातलं आणि तसंच ठेवलं. मग शर्ट चढवून तो रुपरावच्या घरी गेला. तलाठी मॅडम खुर्चीवर होत्या, चहा संपत आला होता. रुपरावनं एकदा बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला कळलं.

"सांगतलं का तुनं?" तो तिला म्हणाला. "नाही सांगाचं म्हटलं होतं ना."

 प्रेमिलानं एक कप भरून श्रावणसमोर ठेवला. श्रावणनं कपाला हात लावला नाही.

"इकडं येऊन पाहाचं होतं," तो रुपरावला म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "एक आवाज द्याचा होता."

"गोधडी दिसली की इकडं नाही येत कोणी. तुह्याच बापानं शिकवलं मले."

"अन् तू ऐकलं."

"हाव. ऐकलं." रुपराव म्हणाला. "तुले सांगून बाई वापस येत होती का गा?"

मॅडमना यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी फाईल उघडून पेन पुढे केला. श्रावणनं पेन घेतला. कागदावर गावाचं नाव होतं, पुढे कंसात रिठी लिहिलेलं होतं. खाली दोन प्लॉट होते. अकरा रुपरावचा, बारा त्याचा.

"हे बाजू-बाजूला आहे का?"

"हो काका. तुम्ही इतकी वर्षं शेजारी राहिलात, म्हणून मुद्दाम तसे टाकले."

"बारा नको. शेवटचा कोणता?"

"एकेचाळीस. पण तिकडे अजून रस्ता नाही. नळही लांब पडेल."

"तो लावा."

"काहून गा?" रुपराव उठून उभा राहिला. "मी कोणाले बोललो का? गावात, बाजारात, तिच्या भावाले? एक शब्द बोललो का?"

"नाही बोलला."

"मंग?"

"रोज सकाळी उठून तुहं तोंड पाहू का मी? तुले सगळं माहीत आहे."

 प्रेमिलानं तोंड फिरवलं. मॅडमनी बारावर रेघ मारली, वर एकेचाळीस लिहिलं आणि कागद पुन्हा त्याच्यासमोर केला.

"खाडाखोड झाली की तिथंही सही लागते, काका."

श्रावणनं आधी तिथं सही केली, मग खाली.