भरलेल्या टोपलीची थीम

मी एक जुनी थीम आहे. मित्रांनो, घर तेच असलं तरी भिंतींचा रंग, दारांच्या कड्या आणि खिडक्यांचे पडदे बदलले की ते आपलं वाटू लागतं. संगणकाच्या पडद्यावर ते काम मी करते.

माझा जन्म १९९९ साली सिल्वासाच्या एका शाळेत झाला. एका कारखान्याने काढून टाकलेला संगणक शाळेला मिळाला होता. रत्नागिरीहून आलेल्या शिक्षिका विजयाबाईंनी त्यावर लिनक्स बसवलं. ही संगणक चालवणारी मोकळी प्रणाली. कुणीही उघडावी, हवी तशी बदलावी. पडद्यावरची इंग्रजी नावं मुलांना कळेनात, म्हणून बाईंनी तीन रविवार बसून चित्रं काढली. फायलींसाठी कपाट, चित्रकलेसाठी ब्रश आणि नको ते टाकायला टोपली. बाईंच्या घरी केराची टोपली वेताची होती, तशीच त्यांनी काढली. एक रिकामी आणि एक भरलेली, वर चुरगळलेल्या कागदांचे पिवळे गोळे. ही सगळी चित्रं मिळून मी झाले.

चूक तिथेच झाली.

दुधनी गावची चंदा सातवीत होती, वसतिगृहात राहायची. तिची आजी भिमाबाई हिचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. आजीने सांगितलं तसं चंदाने ते पडद्यावर काढलं. घरं, आंबा, विहीर अशी अकरा चित्रं झाली. शनिवारी आजी ती बघायला येणार होती. सोमवारी शेवटचं चित्र झालं आणि चंदाने सगळी नीट उचलून टोपलीत ठेवली. तिच्या घरी बियाणं शेणाने सारवलेल्या टोपलीतच जपतात. कपाट काय, कुणीही उघडतं!

मी मात्र हादरले. संगणकात जागा कमी, म्हणून बाई दर शनिवारी टोपली रिकामी करत. आणि तिथून गेलेलं परत येत नसे. मला तोंड नाही. भरलेली टोपली दाखवणं, एवढंच माझ्या हाती. मंगळवार गेला, गुरुवार गेला. कुणाचं लक्ष जाईना.

शनिवारी भिमाबाई आली. चंदा तिच्यासाठी पाणी आणायला धावली.

"आजी, दोन मिनिटं बसा," बाई म्हणाल्या. "एवढा केर काढते, मग चंदाचं गाव दाखवते."

"बसते ना बाय. यो टीवी हाय का?"

"टीव्हीच समजा. पण हा सांगू ते ऐकतो."

"मग माज्या सुनेपरीस बरा!"

बाई हसल्या. तेवढ्यात माझी चौकट पडद्यावर आली. बाईंचं बोट माउसवर होतं.

"ती काय इचारते?"

"टोपली रिकामी करू का, म्हणते."

"अगो, भरली टोपली वततंस कशाला? बियाणा हाय ना त्यात!"

"केर आहे तो, आजी."

"केर असा पिवला असतो? जलमभर भात पाखडलाय मी. आधी हात घालून तरी बघ!"

म्हातारीचं मन राखावं म्हणून बाईंनी चौकट बंद केली आणि टोपली उघडली. आत अकरा चित्रं होती. बाईंनी माउसवरचं बोट झटकन काढलं.

चंदा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. "बाई, मीच ठेवलीत. सांभाळून."

भिमाबाई पडद्याजवळ सरकली. एकेक चित्र बघत गेली. मग बोट टेकवून म्हणाली, "हीर हितं नव्हती, पोरी. जराशी वर."

त्या दिवशी बाईंनी केरासाठी सुपली आणि झाडू काढला. टोपलीचं चित्र मात्र पुसलं नाही. ते चंदाच्या गावाच्या फायलींवर बसवलं.

पुढे नवा संगणक आला, त्याच्याबरोबर विकतची प्रणाली आली. बाईंची बदली झाली. जाण्याआधी त्यांनी मला आणि ती अकरा चित्रं एका फ्लॉपीत भरून कपाटाच्या खालच्या खणात ठेवलं. इथे ओल आहे. फ्लॉपीवरची शाईही फिकी होत चालली आहे.

मित्रांनो, एखाद्या दिवशी कुणीतरी हे कपाट आवरायला येईल. तेव्हा शेजारी भिमाबाई नसेल. कदाचित ते आवरणारे तुम्हीच असाल. म्हणून सांगते, ओतण्याआधी एकदा आत हात घालून बघा.