चौरेंची पाटी

रतन हळब्यांच्या अक्षरावर मी किती लट्टू होतो, हे डोंबिवलीत आमच्या ब्लॉकच्या दाराशेजारच्या भिंतीवरूनच कळायचं. सागवानी पाटी, पितळी अक्षरं, 'सहदेव चौरे'. हळब्यांची खासियत अशी, की ते सही कोपऱ्यात करत नसत. सही नावाच्या डोक्यावरून मोरपिसासारखी जायची. नवीन माणूस बेल वाजवून विचारायचा, "हळबे आहेत का?" आणि मी खूश व्हायचो.

मग त्यांच्या सुलेखनाच्या क्लासमधल्या चार मुली बोलल्या. वळण शिकवतो म्हणून हात धरायचे, नंतर नको ते मेसेज पाठवायचे. पेपरात आलं, टीव्हीवर आलं. आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर मी उभं राहून सांगितलं, "माणूस वेगळा, कला वेगळी. आंबा खाताना आपण माळ्याचं चारित्र्य बघतो का?" टाळ्या पडल्या. तीन. त्यातली एक डासासाठी होती.

घरी तेवढ्याही नाहीत. त्या चौघींतली एक जागृती, आमच्या ऐश्वर्याची शाळेपासूनची मैत्रीण. आणि रविवारी ऐश्वर्याचं घरचं केळवण.

"बाबा, ती पाटी असेपर्यंत जागृती आत येणार नाही," ऐश्वर्या म्हणाली. "आणि ती नसेल तर मी पण पाटावर बसणार नाही. तिच्या घरी जाऊन वडापाव खाईन."

"अगं, पण पाटीने काय केलंय?"

"तेच म्हणते. पाटीने काहीच केलं नाही, तर तिच्यासाठी एवढं काय चाललंय तुमचं?"

माझी बायको मालन पुरण वाटत होती. मान वर न करता म्हणाली, "काढा ना ती. दार काय पळून जाणारे?"

मी मधला मार्ग काढला. कट्ट्यावर मांडलेला विचार घरी राबवायचा. कलावंत काढायचा, कला ठेवायची. रविवारी सकाळी पकड घेऊन स्टुलावर चढलो आणि सही उपटली. एका झटक्यात आली. एवढं सोपं होतं तर लोक वाद कशाला घालतात, असं मनात येतंय तोवर समोरचा पंढरी दूध घ्यायला बाहेर आला. त्याने आधी पाटी वाचली, मग माझ्याकडे बघितलं.

"सहदेवराव, स्वतःहून सांगायची काय गरज होती?"

मी खाली उतरून बघितलं. सहीची दोन टोकं खाली वळलेली, ती शोभेची नव्हती. त्या मात्रा होत्या. 'चौ'वरची एक गेलेली, 'रे'वरची गेलेली. पाटीवर उरलेलं, 'सहदेव चोर'.

धावत आत जाऊन मालनच्या केसांच्या दोन पिना आणल्या. मात्रांच्या जागी दाबून धरल्या, चौरे झालो. हात काढला, चोर झालो. पुन्हा धरल्या. तेवढ्यात लिफ्ट उघडली. जागृती.

"काका, हे काय करताय?"

"तुझ्यासाठीच गं. सही काढली बघ. आता त्याचा काही संबंध उरला नाही." सांगताना हात हलला, पिना पडल्या.

'चोर' वाचून ती आधी हसली. मग जवळ येऊन बघत राहिली.

"तो च बघा," ती म्हणाली. "त्याचं पोट. हाच च त्याने माझा हात धरून गिरवून घेतलेला. सबंध दुपार. त्याच्यावर कुठे सही होती, काका?"

मी पडलेल्या पिना उचलून खिशात टाकल्या.

पाटी काढायला घेतली, तर तिला स्क्रूच नव्हते. कोणी चोरून नेऊ नये म्हणून मीच ती सिमेंटमध्ये बसवून घेतलेली. छिन्नी आणली, हातोडा आणला. पंढरी मागून "डावीकडून हाणा" सांगत होता. शेवटी पाटी निघाली, आणि तिच्याबरोबर हातभर प्लास्टर आणि बेलची वायर.

जागृती धूळ झटकून आत गेली. ऐश्वर्या पाटावर बसली, ही तिच्या शेजारी. वाढायला मी. पुरणपोळीवर तूप सोडता सोडता मला मुद्दा सुचलाच.

"जागृती, राग मानू नकोस. पण नुसतं अक्षर म्हणून बघितलं तर..."

"अहो," मालन म्हणाली, "तूप."

तूप माझ्याच पायावर चाललेलं. जागृतीने माझ्या हातातून वाटी काढून घेतली, ऐश्वर्याच्या पोळीवर तूप वाढलं आणि मग स्वतः घेतलं.