तिसऱ्या बांधीतला दिवस

माधवीचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. माहेरी नागभीडला येऊन तीन दिवस झाले, आईच्या पासपोर्टचा अर्ज समोर पडलेला, आणि जन्मतारखेचा रकाना अजून कोराच.

"माय, साल तरी सांग ना."

"तलावाची पाळ फुटली, त्या साली," तुरीच्या शेंगा सोलता सोलता बायनाबाई म्हणाली.

"अन् पाळ कोणत्या साली फुटली?"

"आता हे का इचारनं झालं? मी जल्मली त्याच साली."

माधवीने पेन आपटलं. दोन देशांच्या भांडणात मधे बसून रात्र रात्र शांत राहिलेली ही बाई आईपुढे पाच मिनिटं टिकत नव्हती. नागपूरला कायदा शिकून ती परराष्ट्र खात्यात गेली, तिथे तिने पंचवीस वर्षं काढली. करारातलं वाक्य असं घासायचं की दोन्ही बाजूंनी सही करावी आणि आपण काही सोडलं असं कोणालाच वाटू नये, हा तिचा हातखंडा. पुढे नरसंहारविरोधी कायद्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या समितीत तिने इतकं रक्त आटवलं, की शेवटी तिलाच आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायाधिकरणावर न्यायाधीश म्हणून निवडलं. वकिलातीत शब्द सैल ठेवायचे, न्यायासनावर आवळायचे. याचं तिला मनापासून सुख झालं होतं.

नागभीडला मात्र या साऱ्या कारकिर्दीचं कौतुक बेताचंच. तिचा धाकटा भाऊ खुशाल एसटीत कंडक्टर. तो दर वेळी विचारायचा, "बाई, जज झालीस तं गडचिरोलीच्या कोर्टात बदली काऊन नाई मागत? रोज गाडीनं जाशीन, येशीन." त्याला समजावून सांगायचं तिने कधीच सोडून दिलं होतं.

चिडचिडीचं खरं कारण अर्ज नव्हताच. बॅगेत निकालाचा मसुदा होता. आफ्रिकेतल्या एका गावात एका दिवसात शंभरावर माणसं मारली गेली होती. हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला डोळ्यांनी पाहिलेली एकच बाई वाचली होती. तिच्या जबाबात तारीख होती अठरा मे, आणि त्या दिवशी तो अधिकारी परदेशात होता, हे बचाव पक्षाने शिक्क्यांनिशी दाखवून दिलं. तीन न्यायाधीशांपैकी एकाचा त्या बाईवर विश्वास, दुसऱ्याचा नाही. माधवीचं मत सोमवारी कळवायचं होतं. तिने ते लिहूनही टाकलं होतं: साक्ष विश्वासार्ह नाही. म्हणजे तो माणूस सुटणार होता.

"माणसाले आपली तारीख कशी माहीत नसते?" ती आईवर उखडली. पण मनात कोण होतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

दारात बूट चढवत असलेला खुशाल हसला. "तुही तारीख तरी कुठी खरी हाये, बाई?"

एक जुलै. शाळेच्या दाखल्यावर, सगळ्या पासपोर्टांवर, न्यायाधिकरणाच्या कागदांवरही तीच तारीख, तिच्या स्वतःच्या सहीनिशी.

"तुले शाळेत घातलं तवा मास्तरनं तारीख इचारली," बायनाबाई म्हणाली. "मी सांगाले गेली का रोवणी चालू होती, तं म्हणे, बाई, इचारलं तेवढंच बोल. मंग मी गप राह्यली. त्यानं आपल्या मनानं लिवून टाकलं."

"म्हणजे माहा दिवस तुले आठवत नाई?"

बायनाबाईचे हात थांबले. "काऊन नाई आठवन? वावरात धानाच्या दोन बांध्या रोवून झाल्या होत्या. तिसऱ्या बांधीत चिखलात उभी होती, तवा कळा आल्या. बाजाराचा दिवस होता. संगं रोवणाऱ्या सुगंधाबाईनं आपल्या हिरव्या लुगड्याचा पदर फाडून तुले गुंडाळलं. दिवस इचारला असता, तं घडीसकट सांगतला असता. तो तारीखच इचारे."

इचारलं तेवढंच बोल. हेच माधवी न्यायासनावरून बोलली होती, अगदी सभ्य इंग्रजीत, दुभाष्यामार्फत. ती साक्षीदार बाई सांगत होती की वालाचं बी टाकून झालं होतं, निंदण लागायचं होतं, आणि माधवीने तिला मधेच तोडलं होतं. मग ती बाई गप्प झाली, ती झालीच. अठरा मे तिने कधी म्हटलंच नव्हतं. जबाबातला तारखेचा रकाना तपास अधिकाऱ्याने आपल्या मनाने भरला होता. माधवीला स्वतःचा असा संताप आला की अर्जावरची अक्षरं दिसेनाशी झाली.

तिने मसुदा काढून ते पान फाडलं आणि घरच्याच फोनवरून मुख्य न्यायाधीशांना गाठलं. साक्षीदाराला परत बोलवायला हवं, म्हणाली. या वेळी तारीख विचारायची नाही, शेतात काय चाललं होतं ते विचारायचं.

"कारण काय नोंदवू?" त्यांनी विचारलं.

पंचवीस वर्षांची गुळगुळीत वाक्यं जिभेवर हात जोडून उभी होती. तिने एकही घेतलं नाही.

"न्यायाधीशाने तिला बोलू दिलं नाही, असं लिहा," ती म्हणाली. "आणि माझं नाव लिहा."