वाघोबाची आण

सव्वीस सालच्या माघात कर्जतच्या कचेरीत कमळ्या ठाकराला उभं केलं. पळसदरीच्या वरच्या रानात कोळशाच्या भट्टीवरचा मुकादम कुऱ्हाडीच्या घावानं मेला होता, आणि कुऱ्हाड कमळ्याची होती. फासाची भीती कुणाला नसते? पण कमळ्यानं त्याहून मोठी धास्ती घेतली होती. आता आपल्याला आण घालणार!

त्याच्या वाडीत न्याय सोपा होता. ज्याच्यावर आळ, त्याला वाघोबाच्या शेंदूर लावलेल्या दगडापुढं उभं करायचं, हातात तांदूळ द्यायचे आणि विचारायचं. साक्षीदार वगैरे भानगडच नाही. आण घेऊन खोटं बोललं, की वाघ घरातलं माणूस नेतो. वाडीतलाच धाऊ असा खोटं बोलला होता. आठवड्याच्या आत त्याची बायको ओहळावर पाण्याला गेली, ती परत आली नाही. नुसता हंडा सापडला. कमळ्याच्या घरात दोन पोरी होत्या.

आणि खरं सांगावं, तर लडकू फासावर जाणार. लडकू हा त्याच्या बायकोचा, कोंडीचा धाकटा भाऊ. आई मेल्यावर कोंडीनंच त्याला कडेवर घेऊन वाढवला. त्या दिवशी मुकादमानं भट्टीमागं कोंडीचा हात धरला, ती ओरडली, आणि लडकूनं तिथं पडलेली दाजीची, म्हणजे कमळ्याची, कुऱ्हाड उचलली. कमळ्यानं धावत येताना ते डोळ्यांनी पाहिलं. लडकू रानात पळाला, आणि हा खुळा कुऱ्हाड हातात घेऊन तिथंच उभा राहिला.

कोठडीत त्यानं एवढंच ठरवलं होतं: आण घालायच्या आधीच घाईघाईनं ‘मीच मारला’ म्हणून टाकायचं. बिनआणेचं खोटं वाघोबा मनावर घेत नाही.

"सायेब, मी…"

"थांब," मामलेदारसाहेब म्हणाले. "आधी ऐक. बोलायची सक्ती नाही. गप्प राहिलास तरी चालेल. पण जे बोलशील ते लिहून घेऊ, आणि ते तुझ्यावरच उलटेल. कळलं?"

कमळ्याला आपल्या कानांवर विश्वास बसेना. "आन नाय घालनार?"

"आरोपीला शपथ नसते."

त्याला रडू फुटायचंच बाकी राहिलं. जन्मात कुठल्या साहेबानं त्याला गप्प राहायची मोकळीक दिली नव्हती. पोरी वाचल्या, लडकू वाचला, कदाचित आपणही वाचू.

"मंग मी काय बोलत नाय," तो म्हणाला.

साहेबांनी मान हलवली. शिपाई दारात जाऊन ओरडला, "साक्षीदार कोंडी कमळ्या, हाजिर!"

सकाळपासून कोंडी ओसरीवर बसली होती. ती आपल्याला बघायला आली आहे, असंच कमळ्या समजत होता.

"हिला कशाला, सायेब?"

"ती तिथं होती. तिची साक्ष घ्यायची आहे. साक्षीदाराला शपथ असते."

कारकून कोंडीला हात वर करायला सांगत होता. तिनं विचारलं, "कंच्या देवाची?" तो म्हणाला, "तू मानतेस त्या." तिचं तोंड पांढरंफटक पडलं.

"मीच मारला!" कमळ्या ओरडला. "लिवा, सायेब! मीच मारला! तिला सोडा!"

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, "खुनाचा मामला आहे, बाबा. तुझ्या एका शब्दावर तुला फासावर पाठवता येत नाही. साक्ष ऐकावीच लागेल." कायदा बिचारा त्याच्याच जिवाला जपत होता.

कोंडीनं हात वर केला. वाघोबाचं नाव घेतलं. नवऱ्याकडं एकदा बघितलं, आणि मग जमिनीकडं.

"आरोपीनं मुकादमाला मारलं का?"

"नाय. ह्यानं नाय मारला."

कमळ्यानं दोन्ही हात कानांवर दाबले. तरीही पुढचा सवाल त्याला ऐकू आलाच.

"मग कुणी मारला?"

तिनं आण घेतली होती, आणि दोन पोरी घरी होत्या.

"माज्या भावानं," ती म्हणाली.