पट्टी की सळी

केशोरी गावच्या केवलरामच्या मोटारसायकलला गाय आडवी आली, असं तो सांगतो. गाय अजून काही बोललेली नाही. तो पडला आणि गळ्याकडून खांद्याकडे जाणारं हाड मोडलं, एवढं मात्र खरं.

गोंदियाच्या डॉक्टरांनी दोन उपाय सांगितले. वरून पट्टी ठेवून स्क्रू मारले तर चिरा मोठा, पण हात लवकर चालतो. हाडाच्या आतून सळी घातली तर चिरा लहान, पण हाताला थोडे दिवस जास्त जपायचं. वर्षभरानं दोन्हीत फारसा फरक नाही.

‘जास्त जपायचं’ हे केवलरामच्या मनात भरलं. "सळीच टाका साहेब. मोठा डाग बरा नाही दिसत."

"कोन पाहून राहिलं तुमाले?" शामकला, त्याची बायको, म्हणाली. "पट्टीच लावा साहेब. रोवणा लागून राहिला."

"धान रोवणं त बायांचं काम! माह्या हाताचं काय त्यात?"

"म्हनूनच त सांगून राहिली. मी दिवसभर चिखलात राहीन, मंग चुलीवरून भाताचा गंज कोन उतरवन?"

डॉक्टरांनी हसू दाबलं. केवलराम पुढे सरकून हळूच म्हणाला, "साहेब, बिनऑपरेशनचं, सावकाश जुळनारं काही नाही का?"