पत्र्याखालचं वाचन

"अवो, ऐकूच येईना! नुस्तं व्हट हालत्यात तुमचं!"

माझी बायको धोंडूबाई ओरडली तशी मी थांबलो. पत्र्यावर पाऊस कोसळत होता. तिला आता अक्षर दिसत नाही, म्हणून दुपारी मी कादंबरी वाचतो आणि ती ऐकते. आमच्यात बोलण्यासारखं तेवढंच उरलं आहे.

"धनपालअण्णांकडं जाऊन बसते," म्हणत ती गेलीसुद्धा.

शेजारच्या धनपालनं पत्र्याखाली फोम बसवून घेतला होता. त्याच्या घरात बसलं की पाऊस दुसऱ्याच गावात पडतोय असं वाटायचं. तिथं तो आपल्या आणि माझ्या बायकोला पेपर वाचून दाखवी. जोडाक्षर आलं की अडखळणारा माणूस! ती तिथं हसत असेल, असं मला सारखं वाटे. पत्र्याच्या आवाजात तेही धड ऐकू येत नसे.

निपाणीच्या वखारीत कारकुनी करण्यात माझा जन्म गेला. तिथली तंबाखूची जुनी पोती मागून आणली आणि तारेनं पत्र्याखाली ताणून बांधली. आवाज खरोखर कमी झाला. मी मोठ्या उमेदीनं पुस्तक उघडलं.

दुसऱ्या पानावर पहिली शिंक आली. पोत्यांतली भुकटी झिरपू लागली होती. आम्ही दोघंही शिंकून शिंकून बेजार झालो.

"ह्या घरात मानसं ऱ्हायाची का जर्दा?" डोळे पुसत ती शेजारी निघाली. या वेळी पुस्तक घेऊन मीही मागोमाग गेलो.

"या आप्पा! वखार घरला आनलीसा म्हनं!" धनपाल हसला. "आज तुमीच वाचा. आमची जीभ काय वळंना."

मी वाचू लागलो. तिथं कसलाच आवाज नव्हता, फक्त माझा होता. गोदामातला माल मोजून सांगावा तसा सपाट. हा नेहमीच असा होता का? मान वर केली. धोंडूबाई पाहुणीसारखी हात मांडीवर ठेवून बसली होती.

"बरं वाचतासा की," ती म्हणाली. थोडी घुटमळली. "पर अण्णा चुकत्यात तवा लई मज्जा येती. अण्णा, तुमी वाचा की जरा."

"ह्यॅ! आप्पांच्या म्होरं?" धनपाल ओशाळला.

मी पुस्तक मिटलं नाही. थांबलो होतो त्या शब्दावर बोट ठेवून ते तसंच त्याच्यापुढं धरलं, आणि त्याचं बोट त्या शब्दावर टेकेपर्यंत माझं काढलं नाही.