स्फटिकातला शेजारी

‘सांगता येत नाही’ हे शब्द ताईला लहानपणापासून सोसत नसत. पाहुणे कधी येणार, दूध उतू जाईल का, पेपरात किती पडतील, कशाचंही उत्तर तिला ठाम लागे, नाहीतर ती समोरच्याचं डोकं खात बसे. पुढे पोटापाण्याचं कामही तिने असंच निवडलं, जिथे सगळं मोजून सांगता येतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. तयार झाली की ती स्वतःभोवती गुंडाळून गाठोडं होऊन बसते आणि माळेतले दूरदूरचे मणी एकमेकांना येऊन टेकतात. कोणता मणी कोणाला टेकलाय, किती अंतरावरून आणि कशाच्या बळावर, हे पडद्यावर तपासत बसणं हे ताईचं काम. घरी कोणी विचारलं तर धाकटी परस्पर सांगून टाकायची, “कोण कोणाला चिकटून बसलंय याच्या चौकशा करते ती. पगारही मिळतो त्याचा.”

धाकटी तिची पाठची बहीण. अभ्यासात यथातथा, पण पाण्यात पडली की वेगळीच. गावातल्या तरणतलावावर ती पोहायला शिकवायची. पायरीला घट्ट धरून बसलेली मोठी माणसं तिच्या एका हसण्यावर हात सोडायची.

दोघी शिकत होत्या तेव्हाच बाबा गेले. जिना चढताना मध्येच बसले आणि उठलेच नाहीत. हृदय बंद पडलं, एवढंच कळलं. का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. आईने यथावकाश मनाची समजूत घातली. ताईने नाही घातली.

पुष्कळ वर्षांनी, बाबांसारखं काही आपल्यात उतरलंय का हे बघायला, दोघींनी रक्त तपासून घेतलं. ताईचं सगळं स्वच्छ निघालं. धाकटीच्या हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रथिनात एक मणी बदललेला होता. अर्जिनीन हवं तिथे सिस्टीन. त्याने बिघडतं की नाही, ते आज सांगता येत नाही, असं अहवालात लिहिलं होतं. हृदयाच्या डॉक्टरांनी तपासून पाहिलं आणि म्हणाले, “हृदय छान चाललंय. वर्षातून एकदा दाखवून जा. पोहणं सोडायचं कारण नाही.”

धाकटीचा जीव भांड्यात पडला. ताईचं मात्र डोकं फिरलं. सांगता येत नाही म्हणजे काय? सांगणं हेच तर तिचं काम होतं.

त्या प्रथिनाची रचना कोणीतरी आधीच शोधून ठेवलेली होती. प्रथिनाचे स्फटिक वाढवतात, त्यावर क्ष-किरण सोडतात आणि अणू कुठे कुठे आहेत ते काढतात. ताईने ती रचना उघडली आणि अर्जिनीनची जागा गाठली. तो मणी गाठोड्याच्या बाहेरच्या अंगाला होता, आणि त्याचा लांब हात मोकळ्यावर आलेला. साडेचार अँगस्ट्रॉमच्या, म्हणजे टेकलं म्हणता येईल एवढ्या अंतराच्या, आत कोणीही नाही. असा रिकामा हात बदलल्याने काही बिघडतं की नाही, हे कोणी ठामपणे सांगू शकलं नसतं. इथे तिने थांबायला हवं होतं. पण ती हट्टाला पेटली होती. एरवी बंद ठेवायची एक सोय तिने चालू केली, स्फटिकात आजूबाजूला भरलेले त्याच प्रथिनाचे सगळे रेणू दाखवण्याची. आणि पडद्यावर शेजारच्या रेणूतला एक अ‍ॅस्पार्टेट नावाचा मणी त्या हाताशी येऊन टेकला. एकाचा भार धन, दुसऱ्याचा ऋण, अंतर अगदी जवळचं. घट्ट पकड. सिस्टीन आलं की ती सुटणार.

ताई रडली त्या दिवशी. दुःखाने रडली म्हणावं तर तसंही नाही, कारण तिला आत कुठेतरी मोकळं वाटत होतं. बाबा का गेले ते सापडलं होतं.

संध्याकाळी तिने धाकटीला समोर बसवून सांगितलं. “दोन रेणूंनी एकमेकांना धरलेलं असतं. तुझ्यात तो हातच नाही. जोर पडला की सुटेल.”

“डॉक्टर तर पोह म्हणाले.”

“डॉक्टरांनी ती जागा पाहिलेली नाही. मी पाहिलीय.”

घरात ताईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. धाकटीने वाद घातला नाही. आई म्हणाली, “पाण्यातून बाहेर आली, सुटले बाई मी.” तलाववाल्यांनी भल्या मनाने धाकटीला खिडकीवर बसवलं, कपाटांच्या किल्ल्या द्यायला आणि टोपी न घालता आत शिरणाऱ्यांना अडवायला. ती हसून म्हणायची, “आधी लोकांना बुडू देत नव्हते, आता किल्ल्या हरवू देत नाही.” काही महिन्यांनी हे म्हणायचंही तिने सोडलं.

मध्ये काही वर्षं गेली. मग त्याच प्रथिनाची नवी रचना आली, स्फटिक न करता, रेणू गोठवून काढलेली. ताईने सवयीने दोन्हींतले संपर्क शेजारी लावून पाहिले. बहुतेक सगळे जुळले. अर्जिनीन आणि अ‍ॅस्पार्टेटची पकड नव्या रचनेत नव्हती. अर्जिनीनचा हात मोकळाच होता.

शेजारच्या टेबलावर स्फटिक वाढवणारा सहकारी बसायचा. सतत क्षारांचे द्रव कालवत असे, म्हणून सगळे त्याला मीठवाला म्हणत. ताईने त्याला बोलावलं. त्याने चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं, आणि फार वेळ पाहावंही लागलं नाही.

“हा जोडीदार नाही गं. स्फटिकात दाटीवाटीने भरलेत म्हणून लागलेत एकमेकांना. लिफ्टमध्ये कोणाचा खांदा लागला म्हणून तो काय आपला चुलता होतो? शरीरात हे दोघं कधी भेटतच नाहीत.”

“हो,” ताई म्हणाली.

“तुला मी काय सांगायचं? नवख्यांना तूच शिकवतेस हे.”

खरंच होतं. पहिल्याच दिवशी ती नवख्यांना हे बजावत असे. मीठवाला आपल्या बाटल्यांकडे परत गेला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

दुपारीच ती उठून तलावावर गेली. वाटेत तिला वाटलं, कशाला सांगायचं? बसलीय ना बिचारी सुखाने खिडकीत. पण बिचारी हा शब्द मनात आला आणि तिची तिलाच शरम वाटली.

त्या वेळी तलाव जवळजवळ रिकामा होता. ताईने खिडकीपाशी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, चूक कुठे झाली तेही. धाकटी हातातली किल्ली फिरवत ऐकत होती.

“मग त्या जागेला कोण टेकतं?”

“कोणीच नाही.”

“म्हणजे चांगलं की वाईट?”

“सांगता येत नाही,” ताई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाली.

“डॉक्टर हेच म्हणाले होते,” धाकटी म्हणाली.

ती खिडकी बंद करून बाहेर आली. चपला काढून तलावाच्या काठावर बसली आणि पावलं पाण्यात सोडली. ताईला क्षणभर आशा वाटली. मग धाकटीची दोन बोटं आपसूक मानेवर गेली, नाडीवर. ताईला आठवलं, जेवताना, जिन्यात, आरशासमोर, हल्ली ती सारखी हेच करायची. ओठांनी ती ठोके मोजत राहिली. थोड्या वेळाने तिने एकेक पाऊल बाहेर काढून घेतलं.

“तू सांगायच्या आधी मला हे ऐकूच यायचं नाही,” ती म्हणाली. “आता पाण्याकडे नुसतं बघितलं तरी कानात धडधडतं. तुझं चुकलं असेल, ताई. पण भीती आता माझी झालीय. ती तुला परत घेता यायची नाही.”

ताई तिच्याशेजारी खाली बसली. धाकटी रागावली असती, चार शब्द टोचून बोलली असती, तर बरं झालं असतं.

“एवढं खात्रीने का सांगितलंस गं तेव्हा?”

ताईला खोटं बोलता आलं असतं. “बाबांचं कारण हवं होतं मला,” ती म्हणाली.

धाकटीने मान हलवली. “आणि बाबा तर नव्हते. मग माझ्यात शोधलंस.”

खिडकीपाशी एक बाई टोपी हातात धरून किल्लीसाठी थांबल्या होत्या. धाकटीने चपला घातल्या, ओले पाय तसेच, आणि ती उठली. बाईंना किल्ली देऊन तिने टोपी डोक्यावर घालायला सांगितली. ताई काठावरच बसून राहिली. बाई पायरीपाशी आल्या, दांड्याला दोन्ही हातांनी धरून कमरेइतक्या पाण्यात उतरल्या, आणि हात सोडायला सांगणारं कोणी नव्हतं म्हणून तशाच उभ्या राहिल्या.